‘मे’ म्हंजे कवा, सर?

‘मे आय कम इन सर?’ हे वाक्य तुम्ही शाळेत कितीतरी वेळा म्हणाला असाल. खरं सांगा, त्यातल्या एकदा तरी त्या ‘मे’चा अर्थ तुमच्या डोक्यात होता का?

आमच्या नव्हता. पेणच्या आमच्या हायस्कुलात ते वाक्य नव्हतंच मुळी, तो एक आवाज होता. ‘मेकमिन्सर.’ पाय उंबऱ्यावर आणि तोंडात मेकमिन्सर, दोन्ही एकदमच. आतून ‘येस’ आलं की बाकावर जाऊन बसायचं. सगळ्यांच्या तासाला हे चालायचं. कोठेकर सरांच्या तासाला चालायचं नाही.

सर इंग्रजी शिकवायचे. उंच, जरा पुढे झुकलेले, सदऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे आणि बाराही महिने सोबत काळी छत्री. वर्गात आल्यावर ती छत्री फळ्याच्या खिळ्याला टांगायचे आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तीन शब्द लिहायचे. परवानगी. शक्यता. इच्छा. फळा पुसणाऱ्याने तो कोपरा सोडून पुसायचा, हा नियम. मग कोणी उशिरा येऊन दारात मेकमिन्सर केलं की सरांचा खडू थांबायचा.

“कुठला मे?”

“परवानगीचा, सर.”

“मग परवानगी माग. धावत्या एसटीतून थुंकल्यासारखं करू नकोस. मे. आय. श्वास घे. कम इन.”

एकदा आमच्या वर्गातली सुवर्णा तासाच्या मध्येच उभी राहिली. ‘मे आय गो टू टॉयलेट सर?’ सरांनी वळून नेहमीचा प्रश्न विचारला. सुवर्णा ओठ चावत म्हणाली, “सर, शक्यतेचा. आता नाय सोडलंत तर काय पण होण्याची शक्यता हाय.” वर्ग फुटला. सर सगळ्यात जास्त हसले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर शक्यतेचं उदाहरण म्हणून तेच वाक्य होतं, नाव तेवढं गाळलेलं.

‘मे’चा चौथा अर्थ आम्हालाही माहीत होता आणि सरांनाही. पण तो फळ्यावर कधी आला नाही. सर त्या महिन्याचं नावच घ्यायचे नाहीत. “निकाल एक तारखेला,” असं सांगायचे. मागच्या बाकावरून मुद्दाम कोणीतरी विचारायचं, “कुठल्या महिन्याच्या, सर?” सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, “एप्रिलच्या पुढच्या.” आम्हाला ती म्हाताऱ्या होत चाललेल्या शिक्षकाची एक लहर वाटायची. शाळेत त्यांचं नाव ‘मे सर’ पडलं होतं. ते त्यांनाही ठाऊक होतं. त्या नावाने त्यांना काय होत असेल हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं.

माझे वडील, अण्णा, पेणमध्ये छोटा छापखाना चालवायचे. लग्नपत्रिकांवर आमचं घर चालायचं आणि पत्रकांवर अण्णा. मी अक्षरओळख शिकले तीही पत्रकांवरच. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता यायचं. ‘धिक्कार’मधला क-ला-क कसा काढायचा ते मला अण्णांनी मोर्चाच्या आदल्या दिवशी शिकवलं. शेजारी गणपतीचा कारखाना होता. तिथली पांढरी धूळ ओल्या शाईवर बसायची आणि आमची सगळी क्रांती जरा पिठूळ दिसायची.

कोठेकर सर रोह्याजवळच्या वरशाला राहायचे. शाळा सुटली की रोह्याची गाडी लागेपर्यंत छापखान्यात येऊन बसायचे आणि अण्णांची प्रुफं तपासायचे. फुकट. चहा मात्र बशीत ओतून, दोन्ही हातांनी बशी धरून प्यायचे. प्रुफात त्यांचा एक ठरलेला शत्रू होता.

“अण्णा, ‘शक्यतो सर्वांनी मोर्चाला यावे’ हे कोणी लिहिलं?”

“मीच. सगळ्यांना कसं जमणार, सर? मिठागरावरची माणसं काम टाकून येतील?”

“ज्याला जमणार नाही तो तसाही येणार नाही. पण ज्याला जमेल त्याला तुम्ही कशाला सूट देता? ‘शक्यतो’ म्हणजे मागचं दार उघडं. ‘या’ लिहा.”

“आणि नाही आले तर?”

“तर तुमची हार होईल. पण वाक्य खोटं ठरणार नाही.”

मी कंपोझच्या टेबलाशी बसून हे ऐकायचे. मला सर फार आवडायचे. शब्दांसाठी भांडणारा माणूस तोवर मी पाहिला नव्हता. अण्णा माणसांसाठी भांडायचे. सर एका क्रियापदासाठी गाडी चुकवायचे.

पण गंमत अशी की स्वतः बोलताना हाच माणूस कधी कशाची हमी द्यायचा नाही. “सर, उद्या येणार ना?” “येण्याची शक्यता आहे.” “सर, हे बरोबर आहे ना?” “असू शकतं.” वरशाला त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, माझ्यासमोरच त्यांची खरडपट्टी काढली होती.

“अगो, यांना काय विचारतेस? आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी म्हणतात, असू शकतं. घास यांच्या तोंडात, आमटी मी केलेली, तरी असू शकतं!”

“चव ज्याची त्याची असते,” सर म्हणाले. “मी दुसऱ्याच्या वतीने बोलत नाही.”

“दुसरी? मी दुसरी काय? बघ गो, एवढा संसार करून मी दुसरी!”

काकू हसत होत्या. मीही हसले. सर ताटाकडे बघत राहिले. ‘मी दुसऱ्याच्या वतीने बोलत नाही’ हे वाक्य तेव्हा मला विनोदी वाटलं होतं.

दहावीच्या निरोप समारंभात आम्ही सगळ्या शिक्षकांच्या सह्या घेतल्या. सरांनी माझ्या वहीत इंग्रजीत दोनच शब्द लिहिले. ‘मे यू’. पुढे कोरी जागा आणि खाली सही. मी म्हटलं, “सर, आशीर्वाद अर्धाच राहिला.” ते म्हणाले, “पुढचं तू लिही. इच्छेचा मे सगळ्यात निरुपद्रवी. पण मला त्याचीसुद्धा भीती वाटते.”

मग मी कॉलेजात गेले, लिहायला लागले, खाडीकडच्या गावांतून फिरायला लागले. मोठी खार या गावात मला तो महिना पुन्हा भेटला.

मोठी खार पेणपासून लांब नाही. पण उन्हाळ्यात तिथे पाण्याचा टँकर येतो तेव्हा ते जगाच्या टोकाला असल्यासारखं वाटतं. चारही बाजूंनी बांध, बांधापलीकडे खाडी, अलीकडे खारी जमीन. टँकरच्या रांगेत बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, नळाला पाणी कधी येणार आहे? एक म्हातारी लगेच म्हणाली, “मे मदी!” सगळ्या बायका खिदळल्या.

मला वाटलं काहीतरी योजना मंजूर झाली असेल. मी म्हटलं, “म्हणजे पुढच्याच महिन्यात?”

आता तर हंडे वाजायला लागले. ती म्हातारी डोळे पुसत माझ्याकडे सरकली. ती हौसाबाय म्हात्रे. सत्तरीच्या घरातली, काटक, नऊवारीचा काष्टा अजून घट्ट मारणारी.

“पोरी, तू पेनची ना? तुला नाय कलायचं. आमच्या गावात ‘मे मदी’ म्हंजे कवाच नाय.”

दुसरी म्हणाली, “माज्या सुनेला इचारला, सासूचं पाय कवा चेपशील, तर बोलतं, मे मदी!”

“आनि पोरगा दारू कवा सोडनार?”

“मे मदी!” सगळ्या एकसुरात.

मी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा हौसाबायने मला तिच्या ओटीवर नेलं आणि सगळं सांगितलं. मी जन्मले त्याच्या आसपासची गोष्ट. एक कंपनी गावात आली. बांधाला लागून असलेल्या जमिनी तिला हव्या होत्या. कागद इंग्रजीत होता. गावाने म्हटलं, आम्ही कंपनीच्या माणसाकडून वाचून घेणार नाही, आमचा माणूस आणू. गावातली पोरं पेणच्या शाळेत जायची. त्यांचे इंग्रजीचे सर होते. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. गावाने कोठेकर सरांना बोलावलं.

देवळासमोर खुर्ची टाकली. सरांनी वाचायला सुरुवात केली. आधी एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचं मराठी. ‘वन मेंबर ऑफ इच फॅमिली मे बी गिव्हन एम्प्लॉयमेंट.’ त्यातला ‘मे’ हा अख्ख्या कागदात गावाला ओळखू आलेला पहिला शब्द. हौसाबाय तेव्हा चाळिशीत होती आणि तोंडाची फटकळ. ती मागून ओरडली, “सर, मे म्हंजे कवा? मे महिन्यात का?”

सगळे हसले. कंपनीचा साहेब हसला. सरही हसले. आणि हसत हसत म्हणाले, “मे म्हणजे देतील हो, मावशी. मे महिन्यात पण देतील.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंगठे उठले.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय? मे आला. पोरांचं कपडं शिवलं. माज्या सुरेशला पांढरा सदरा शिवला, कंपनीत घालायला. मिठावर जायला त्याला मीच नाय बोलली. हात फाटतात मिठान. साहेबाला हात दाखवायचं असतील तर बरं दिसाय नको? मे गेला. बोललाव, पुढचा मे. पुढच्या मेला सदरा आखूड झाला.”

कंपनीने एक शेड बांधली, कुंपण घातलं आणि निघून गेली. पाटी गंजून पडली. नोकरी एकालाही मिळाली नाही, कारण कागदाप्रमाणे द्यायलाच हवी असं नव्हतं. ‘देऊ शकतात’ असं लिहिलं होतं. न देऊही शकतात.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मला दोषी कोण ते पहिल्या ओळीत लागतं. मी म्हटलं, “हौसाबाय, मग तुम्ही सरांना कधी काही बोललात?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “सरांना? सरांनी काय केलाय? कंपनीन फशिवला. सरांना पन फशिवला.”

हे तिला मनापासून वाटत होतं. गावाचं प्रेम कमी झालं नव्हतं. दर हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पिशवी आणि सुका जवळा मोठ्या खारीतून पेणच्या शाळेत यायचा, सरांसाठी. मला आता आठवलं, ती पिशवी आम्ही पाहिली होती. सर ती घ्यायचे, टेबलाखाली ठेवायचे, आणि त्या दिवशी त्यांच्या तासाला मेकमिन्सर करणाऱ्यालाही ते काही विचारायचे नाहीत.

मी सरळ वरशाला गेले. एव्हाना सर निवृत्त झाले होते. घराभोवती नव्या इमारती उठल्या होत्या आणि सरांच्या गॅलरीत ऊन फक्त सकाळचं यायचं. मी मोठ्या खारीचं नाव घेतलं आणि सरांनी चष्मा काढला.

“सर, तुम्हाला तेव्हा अर्थ माहीत नव्हता, असंच ना?” मी विचारलं. मला त्यांनी हो म्हणायला हवं होतं.

“त्याच आठवड्यात नववीला शिकवला होता,” सर म्हणाले. “मे आणि विल यांतला फरक. मुलांना घोकायला लावला होता.”

“मग?”

“काही नाही गं. कोणी धमकी दिली नाही, कोणी पाकीट दिलं नाही. तसं असतं तर तुझ्या पत्रकात बसलं असतं. मी खुर्चीवर होतो. समोर अख्खं गाव खाली बसलेलं. इतकी आशेने बघणारी माणसं मी वर्गात कधी पाहिली नव्हती. ‘देऊ शकतात, कदाचित नाही देणार’ असं म्हटलं असतं तर सगळ्यांचे चेहरे पडले असते. मला ते पडलेले बघायचे नव्हते. तेवढ्यासाठी.”

आतून काकू म्हणाल्या, “अण्णांचं पण सांगा तिला.”

तेव्हा कळलं. कंपनी गेल्यावर अण्णांनी तिच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. सर प्रुफ वाचायला बसले आणि म्हणाले, यात लिहा की भाषांतर मी केलं आणि जाणूनबुजून चुकीचं केलं. अण्णांनी साफ नकार दिला. ‘सर, असं छापलं तर कंपनी सुटेल. लोक तुमच्याकडे बोट दाखवतील आणि लढा फुटेल.’ सर म्हणाले, ‘कंपनीचं नाव ठळक छापा. माझं खाली बारीक छापा. पण छापा.’ अण्णांनी छापलं नाही.

“तुझे वडील चुकले असं मी म्हणत नाही,” सर म्हणाले. “कंपनीने लबाडी केलीच. पण तिच्या लबाडीवर विश्वास ठेवायला लावणारं वाक्य माझं होतं. ते कुणीच माझ्या नावावर टाकत नाही. मावशी वाल पाठवतात. मी ते खातो कसा, हे मला विचार.”

“मग तुम्हीच गावात जाऊन सांगा ना, सर.”

“जाईन,” ते म्हणाले. आणि लगेच, “जाण्याची शक्यता आहे.”

मी चिडले. इतकी चिडले की चहा न घेता उठले.

यंदाच्या उन्हाळ्यात हौसाबायच्या सुरेशचा मला फोन आला. तो आता पन्नाशीला आलाय, रोह्याला एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे, आज फर्स्ट शिफ्ट तर उद्या सेकंड. “ताई, गावात परत कागद आलाय. वेगली पार्टी हाय. ऱ्हायलेल्या जमिनी मागतात. आये बोलतं, सरांना घेऊन ये. दुसरा कोन वाचील तर अंगठा करनार नाय बोलतं.”

मी सरांना फोनवर कळवलं. सर म्हणाले, “येतो.”

मी थांबले. ‘शक्यता’ आली नाही.

सर वरशाहून पेणला एसटीने आले, तिथून माझ्या स्कूटीवर मागे बसून मोठ्या खारीला. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने माझा खांदा इतका घट्ट धरलेला की दुखत होतं. बांधावरून जाताना त्यांनी विचारलं, “देऊळ तेच आहे का?” मी हो म्हटलं.

देवळासमोर पुन्हा खुर्ची टाकली होती. सर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी कागद घेतला. या खेपेला तो मराठीत होता. गावातली निम्मी पोरं ग्रॅज्युएट आहेत, कागद त्यांनीही वाचला होता. पण वाचून कोणाला नीट कळलं नव्हतं. सर मोठ्याने वाचत गेले आणि एका वाक्याशी आले. ‘प्रत्येक कुटुंबातील एका सदस्यास रोजगारात प्राधान्य देण्याबाबत सकारात्मक विचार करण्यात येईल.’

एक पोरगा म्हणाला, “म्हणजे देणार ना, सर? ‘येईल’ लिहिलंय.”

“विचार येईल,” सर म्हणाले. “नोकरी नाही.”

“पण सकारात्मक लिहिलंय.”

सरांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. मग मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेला शब्द आला. “याचा अर्थ, मे मदी.”

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग बायकांतून हसू फुटलं आणि सगळ्या देवळासमोर पसरलं. पोरं हसली, म्हातारे हसले. आता अख्ख्या गावाला कागद कळला होता. सर थांबले असते तर ती दुपार आनंदात संपली असती. टाळ्यासुद्धा वाजल्या असत्या.

सर थांबले नाहीत. हसू ओसरायच्या आत म्हणाले, “मागच्या वेळी पण तोच अर्थ होता. मला माहीत होता. मी ‘देतील’ सांगितलं. मला कोणी फसवलं नव्हतं. मी तुम्हाला फसवलं.”

हसू एका जागी विझलं नाही, जिथे जिथे वाक्य पोचलं तिथे तिथे विझत गेलं. सुरेश माझ्या शेजारी होता. तो पुटपुटला, “जाऊ द्या ना, सर. आता काय त्याचं?”

“जाऊ नको देऊ,” हौसाबाय म्हणाली. ती खालीच बसलेली होती, गुडघ्यांवर हात टाकून. “बोलू दे त्यांना.”

सर म्हणाले, “बोललो, मावशी. एवढंच होतं.”

“आमी कंपनीच्या सबदावर अंगठा नव्हता केला,” ती म्हणाली. आवाज चढवलाच नाही तिने. “कंपनीला कोन वलखत होता? तुमी बोललाव म्हनून केला. माज्या पोरान मीठ सोडला, तुमी बोललाव म्हनून.”

“हो.”

“मंग इतकी वर्सं वाल खाल्लाव, तवा का नाय बोललाव?”

सरांनी हातातला कागद खाली केला. मला पुढे होऊन काहीतरी म्हणावंसं वाटलं. की बाई, खरी लबाडी त्यांची नव्हती. अण्णांनी म्हटलं असतं तेच. पण ती दोघंच बोलत होती आणि बाकी कोणाला तिथे जागा नव्हती.

शेवटी हौसाबायच म्हणाली, “वाचा.”

“काय?”

“कागद. पयल्यापासून परत वाचा. सगला. एक सबद सोडू नका. आनि जिथं ‘मे’ असंल तिथं ‘मे’ बोला.”

सरांनी वाचला. पहिल्यापासून. उभ्यानेच. जिथे ‘विचार करण्यात येईल’ होतं, ‘शक्यतोवर’ होतं, ‘प्रयत्नशील राहील’ होतं, तिथे तिथे थांबून ते ‘मे’ म्हणत गेले. कोणी हसलं नाही. वाचून संपल्यावर सुरेशने कागद घडी करून परत पाठवायला ठेवला. गावाने ठरवलं, ‘देण्यात येईल’ असं लिहून आणा, मग बसू. तो बदललेला कागद अजून आलेला नाही. येईल की नाही मला माहीत नाही.

लोक पांगले. मी स्कूटी काढत होते. सर दिसेनात म्हणून शोधायला गेले तर ते हौसाबायच्या घरापाशी होते. उंबऱ्याच्या बाहेर, छत्री टेकून. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना दारात अडवलं, तो दारात उभा होता. आत चुलीपाशी हौसाबायची पाठ दिसत होती.

“मावशी, येऊ का आत?” सरांनी विचारलं. प्रत्येक शब्द सुटा, मध्ये श्वास घेऊन.

ती वळली नाही. “मे मदी या,” म्हणाली.

सर हलले नाहीत. उलट फिरलेही नाहीत. मग आतून भांड्याचा आवाज आला आणि तिचा आवाज आला, “पायरीवर बसा. च्या आनतंय.”

मी सरांना शेवटचं नीट पाहिलं ते तसं. हौसाबायच्या पायरीवर, घराच्या आत नाही आणि बाहेरही नाही. छत्री मांडीवर आडवी, दोन्ही हातांत बशी. चहा निवत होता आणि ते पीत नव्हते. त्यांच्या तोंडावर सुटकेसारखं काही नव्हतं. शाळेत चुकलेल्या पोराला बाकावर उभं केलं की ते जसं समोर बघतं, तसे ते समोर बांधाकडे बघत होते.

पावसाळ्यात सर गेले. मी वरशाला काकूंना भेटायला गेले तेव्हा कोपऱ्यात वालाची एक पिशवी होती, न उघडलेली. जुनी की नवी ते मी विचारलं नाही.

अण्णांनी जे छापलं नाही ते मी इथे लिहिलंय. कंपनीच्या लबाडीचं खापर मी सरांवर फोडत नाही. पण त्यांनी मागितलं होतं तसं त्यांचं वाक्य त्यांच्या नावावर टाकलं आहे.

आता तुम्हाला एकच मागणं आहे, आणि त्यात ‘शक्यतो’ नाही. तुमच्या आईच्या, शेजारणीच्या, गावातल्या कोणाच्या हातात उद्या एखादा कागद येईल आणि ती माणसं तुमच्या तोंडाकडे बघतील, कारण तुम्हाला वाचता येतं. तेव्हा कागदावर ‘देऊ शकतात’ असेल तर ‘देऊ शकतात’ असंच वाचा. ‘आणि न देऊही शकतात’ हेही मोठ्याने म्हणा. समोरच्यांचे चेहरे पडतील. पडू द्या.